व्याहीबुवांच्या हातचा कॉम्प्युटर

४ जून

व्याहीबुवांना सविनय नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, राग मानू नये. फोनवर आपण 'हॅलो' म्हणता आणि अर्ध्या तासाने 'बरं, ठेवतो' म्हणता. मधे मला माझं काम सांगायला फट सापडत नाही.

जावईबापू उद्या माझा कॉम्प्युटर गाडीत घालून आपल्याकडे आणत आहेत. आपणच चार वर्षांपूर्वी जोडून दिलेला. हल्ली तो फार संथ झालाय. बटण दाबून मी आंघोळीला जाते. केस वाळवून येते तेव्हा कुठे तो डोळे किलकिले करतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानात देणार होते, पण लेक म्हणाली, "आई, सासऱ्यांना कळलं तर? तीस वर्षं ह्याच धंद्यात काढलेला माणूस घरात असताना दुकान?" मुलीच्या सासरचा मान मोठा. म्हणून आपल्याला तसदी.

एक विनंती. साप्ताहिकात माझी शब्दकोडी येतात ती आपण दर रविवारी सोडवता, हे माझं भाग्य. पण ह्या डब्यात त्याहून मोठं काही आहे. पुस्तकासाठी केलेली दोनशे नवी कोडी, अजून कुठेच न छापलेली. प्रकाशकांना ऑगस्टअखेर द्यायची आहेत. सगळ्याची दुसरी प्रत आहेच. आपण मागे म्हणाला होतात, "बाहेर लोंबणाऱ्या डब्या कशाला? आतच दुसरी डिस्क बसवून देतो, प्रत तिथे ठेवा." तशीच ठेवली आहे. तेव्हा मी निर्धास्त आहे.

आपली नम्र,
विहीण


९ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पेटी पोचली. उघडली. आत इतकी धूळ, की वांग्याचं रोप लावलं असतं तर धरलं असतं! पण घाबरू नका, योग्य हातांत आला आहात. दुकानात दिला असतात तर त्या पोरखेळवाल्यांनी काय दिवे लावले असते, ते सांगत नाही. तुमचं मन दुखेल.

नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवा पॉवर सप्लाय, सगळं आणलं. पेटी तीच, डिस्क त्याच, बाकी पोट नवं. पॉवर सप्लायबरोबर केबलची भलीमोठी पिशवी आली आहे, ती मी फोडलीसुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी मी तुमच्या पेटीतल्या केबल तिपेडी वेणीसारख्या घातल्या होत्या. अजून एक बट सुटलेली नाही. ती वेणी मोडायचं जिवावर आलं. जुन्या केबलची टोकं नव्या सप्लायला चपखल बसली, जणू एकमेकांसाठीच जन्मली होती. बरोबर माहितीपुस्तक आलंय, ते टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलंय. तिथे त्याचा खरा उपयोग होतो. पुस्तक उघडून काम करणाऱ्यांतला मी नाही, हे तुम्ही जाणताच.

उद्या सकाळी बटण दाबतो. तुमचा कॉम्प्युटर आता आंघोळ तर सोडाच, चूळ भरायलाही वेळ देणार नाही.

तुमचा,
व्याही


१९ जून

व्याहीबुवांना नमस्कार.

बटण दाबलंत का? नऊ तारखेच्या पत्रानंतर आपल्याकडून काही कळलं नाही. फोन केला तर आपण बाथरूममध्ये होतात. दुपारी केला तरी बाथरूममध्येच. तब्येत बरी आहे ना?

विहीण


२२ जून

विहीणबाई,

हे पत्र लिहिताना हात जड झाला आहे. मन घट्ट करा.

मशीन उत्तम झालं आहे. मात्र तुमच्या दोन्ही डिस्क गेल्या. वय झालं होतं त्यांचं. मी बटण दाबलं आणि दोघींनी एकदमच डोळे मिटले. काही म्हातारी जोडपी नाही का, एक गेलं की दुसरं मागे राहत नाही? तसंच हे. तीस वर्षांत असे प्रसंग मी अनेक पाहिले आहेत. अनुभवाने माणूस शांत होतो.

आता कारण शोधायचं तर तुमच्या घरची वीज कमीजास्त होत असणार. किंवा मशीनवर कधी काही सांडलं होतं का? आठवून पाहा. अशा गोष्टी लगेच कळत नाहीत. आतल्या आत पोखरतात.

बाकी मशीन विमानासारखं पळतंय. नव्या डिस्क घातल्या की झालं.

तुमचा,
व्याही


२६ जून

व्याहीबुवा,

आपलं पत्र वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते. दूध उतू गेलं, तरी उठले नाही.

आता लपवत नाही. गेल्या वर्षी माझ्या हातून चहा सांडला होता. कपभर. बराचसा टेबलावर, पण थोडा ओघळून पेटीच्या बाजूने गेला. मी पुसला आणि कोणाला बोलले नाही. तो आत गेला असेल असं स्वप्नातही आलं नाही. म्हणजे दोनशे कोडी मीच माझ्या हाताने बुडवली. वर तुम्हाला एवढी मेहनत करायला लावली आणि तुमच्या हाताला अपयश दिलं. मला माफ करा.

मुलांना चहाचं सांगू नका. लेक आधीच म्हणते, "आई, तू आता धांदरट होत चाललीस."

एक मागणं. त्या दोन्ही डिस्क पाठवून द्या. इथे बाजारामागच्या गल्लीत एक बाई बिघडलेल्या डिस्कमधून कामाचं काढून देतात म्हणे. बघते, काही वाचतं का.

आपली अपराधी,
विहीण


३० जून

विहीणबाई,

चहा! वाटलंच होतं मला. चहा हा कॉम्प्युटरचा पहिल्या नंबरचा वैरी, आणि त्यातली साखर तर विचारूच नका. असो. होतं माणसाकडून. मी मनाला लावून घेतलेलं नाही. माफी कसली मागता? आपण नात्यातले. मुलांना माझ्याकडून एक अक्षर कळणार नाही, हा शब्द.

डिस्क चिरंजीवांबरोबर पाठवतो आहे, पण माझं ऐकाल तर त्या बाईंकडे जाऊ नका. ह्या लोकांना काही कळत नसतं, उगाच आशा लावतात. गेलेल्याला शांतपणे पडू द्यावं.

पुढच्या वेळी कप लांब ठेवत जा.

तुमचा,
व्याही


१५ जुलै

आदरणीय व्याहीबुवा,

आपला सल्ला डावलून मी त्या बाईंकडे गेले. एवढीशी खोली, दोन टेबलं, भिंतीला टांगलेली शंभर छोटी हत्यारं. बाईंनी डिस्क उलटी केली, भिंग लावलं आणि मग चक्क नाकाशी धरली.

"कोण म्हणालं ह्या म्हाताऱ्या होऊन गेल्या?"

मी म्हटलं, "आमचे व्याही. तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

"म्हाताऱ्या नाहीत. भाजल्यात. दोघी एकाच जागी."

"चहाने?" मी हळूच विचारलं.

त्या हसल्या. "बाई, वर्षापूर्वीचा चहा वर्षभर वाट बघत थांबला आणि मग एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या डिस्कच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात शिरला? असा चहा मला पण प्यायला आवडेल. एक सांगा, इतक्यात पॉवर सप्लाय बदलला होता का?"

"हो."

"आणि केबल जुन्याच ठेवल्या?"

मला कुठलं माहीत? म्हटलं, घरी जाऊन त्यांच्या पत्रात बघते. त्यांनी समजावलं ते असं: दोन कंपन्यांच्या केबलची टोकं बाहेरून सारखी दिसतात, बसतातही, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. जिथे पाच व्होल्ट जायला हवेत तिथे बारा जातात. डिस्क बिचारी काय करणार? ह्या धंद्यातल्या कालच्या माणसालाही हे ठाऊक असतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "म्हणूनच. आमचे व्याही कालचे नाहीत."

घरी आले आणि आपलं नऊ जूनचं पत्र काढलं. आपली हरकत नसेल तर आपलंच वाक्य आपल्याला वाचून दाखवते: "जुन्या केबलची टोकं नव्या सप्लायला चपखल बसली, जणू एकमेकांसाठीच जन्मली होती."

व्याहीबुवा, मी पोटासाठी कोडी रचते. एका वाक्यात दोन अर्थ कसे दडवतात ते मला कळतं. पण आपल्या बावीस जूनच्या पत्रात एकच अर्थ होता आणि तोही मला दिसला नाही. कारण मी मुलीची आई. मुलीच्या सासरहून आलेलं पत्र आपण डोळ्यांनी वाचत नाही, मान खाली घालून वाचतो.

चुकलात त्याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. माझा चहा मात्र मला परत हवा. आणि मी मागितलेली माफीसुद्धा परत पाठवा. वापरलेली असली तरी चालेल.

विहीण


१९ जुलै

विहीणबाई,

पत्र मिळालं. व्याह्याला असं लिहितात? माझा मुलगा तुमचा जावई आहे, हे पत्र लिहिताना विसरलात वाटतं.

आता मुद्द्याचं. एकाच मापाचं तोंड ठेवायचं आणि आत तारांचा क्रम बदलायचा, हा कंपन्यांचा हलकटपणा आहे. त्याबद्दल तुम्ही कंपनीला पत्र लिहिलंत का? नाही. मला लिहिलंत. तीस वर्षांत माझ्या हातून हजारो मशिनं गेली. एकाही गिऱ्हाइकाने माझं वाक्य मला वाचून दाखवलं नाही. आणि इतकं मोलाचं काम होतं तर त्याची तिसरी प्रत बाहेर कुठेतरी ठेवायला काय झालं होतं? शहाणा माणूस सगळी अंडी एका टोपलीत ठेवत नाही.

त्या भिंगवाल्या बाईंना माझा निरोप द्या: नाकाने निदान करणारे वैद्य मी पुष्कळ पाहिले आहेत.

पेटी चिरंजीव घेऊन येत आहेत. आत आता पिशवीतल्याच केबल आहेत. नीट बघून घ्या, नाहीतर त्याबद्दलही माझीच चूक निघायची.

तुमचा व्याही


२४ जुलै

व्याहीबुवा,

पेटी मिळाली. जावईबापू ती उंबऱ्यात ठेवून माझ्याकडे न बघताच गेले. त्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी? माझा जावई आपला मुलगा आहे, हे मी विसरलेले नाही. पण आपला मुलगा म्हणजे काही आपली ढाल नव्हे, की कोणी काही बोललं की पुढे धरली.

बाहेर प्रत न ठेवण्याचा सल्ला कोणाचा होता, ते चार जूनच्या माझ्या पत्रात आहे. टोपलीही आपलीच होती आणि अंडी त्यातच ठेवा असंही आपणच सांगितलं होतंत.

कंपनीला पत्र लिहायचा विचार होता. पण पहिल्याच ओळीत त्यांनी विचारलं असतं, "माहितीपुस्तक वाचलं होतं का?" मग मी काय सांगायचं? वाचलं नाही, पण टेबल डुगडुगत नाही?

ह्या रविवारचं कोडं जरूर सोडवा.

विहीण


५ ऑगस्ट

विहीणबाई,

हे पत्र मी, तुमच्या व्याह्यांची बायको, लिहिते आहे. त्यांना ठाऊक नाही.

रविवारी त्यांनी साप्ताहिक उघडलं. पहिल्यांदा खूश होते. 'चूक झाकायला घरभर करतात ती, सहा अक्षरं' लगेच सुटलं: सारवासारव. मग 'स्वतःची चूक दुसऱ्याच्या चहात बुडवणारा, तीन अक्षरं'. तिथे पेन्सिल थांबली. 'थापाड्या' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, कारण उभ्या शब्दातला 'पा' तिथेच पडत होता. मग साप्ताहिकाची घडी घालून ठेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसले, हे तुम्हाला सांगते, त्यांना सांगू नका.

पण पुढे गंमत राहिली नाही. त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सारली. परवा शेजारच्या बाई बंद पडलेला रेडिओ घेऊन आल्या, तर म्हणाले, "दुकानात न्या." माझं लग्न झाल्यापासून 'दुकान' हा शब्द त्यांच्या तोंडून शिवीशिवाय मी पहिल्यांदा ऐकला. जेवणाच्या टेबलावरून सगळे स्क्रू, तारा, अर्धे उघडलेले फोन गेले. तीस वर्षांनी त्या टेबलावर आम्ही जेवतोय. मला वाटलं होतं मला आनंद होईल. एक दिवस झालाही.

आता ते माझ्या स्वयंपाकघराकडे वळलेत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मिठावर 'मीठ', साखरेवर 'साखर'. काल चिमट्यावर 'चिमटा' लिहून चिकटवलं. "चुकून दुसरंच उचललं गेलं तर?" म्हणाले. मला थट्टा वाटली, पण चेहरा बघितला तर थट्टा नव्हती.

त्या दिवशी बटण दाबून ते खोलीबाहेर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. मी विचारलं, "काय जळलं?" तर म्हणाले, "शेजाऱ्यांकडे काहीतरी." मला तेव्हाच कळलं होतं. मी बोलले नाही. त्यातला माझाही वाटा धरा.

तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. त्यांना सोडू नका, पण एकदा कामाला तरी लावा. नाहीतर उद्या माझ्या कपाळावर 'बायको' अशी चिठ्ठी चिकटवतील.

तुमची,
विहीण


१२ ऑगस्ट

व्याहीबुवा,

भिंगवाल्या बाईंनी दुसऱ्या डिस्कमधून काही काढलं. अर्ध्याहून कमी कोडी मिळाली, त्यातल्या बऱ्याच कोड्यांत चौकटी आहेत आणि सूत्रं नाहीत. म्हणजे उत्तरं हातात, प्रश्न गायब. पहिल्या डिस्कमधलं काहीच आलं नाही.

प्रकाशकांना वेळ मागितला. ते म्हणाले, थांबता येणार नाही. माझ्या जागी आता आकड्यांच्या कोड्यांचं पुस्तक येणार आहे. शब्दांच्या खुर्चीत आकडे बसणार! व्याहीबुवा, बाकी सगळं मी कधीतरी विसरेन. हे नाही विसरणार.

आता कामाचं. नव्या डिस्क आणल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काळजीच नको काकू, असली कामं मी डोळे मिटून करतो." मी पेटी उचलली आणि घरी आले. डोळे मिटून केलेलं एकदा पाहिलंय.

तेव्हा हे काम तुम्हीच करायचं आहे. गैरसमज नको, विश्वास बसलाय म्हणून नव्हे. दुकानदाराचं अजून काही जळलेलं नाही, तुमचं जळलंय. ज्याचा हात भाजलाय तो तरी केबल बघून लावील, एवढाच हिशोब.

अटी ऐका. काम माझ्या घरी, माझ्या टेबलावर. माहितीपुस्तक टेबलाखाली नाही, टेबलावर. आणि मी शेजारी बसणार.

'थापाड्या' मागे घेता येत नाही. छापून गेलाय.

विहीण


१८ ऑगस्ट

विहीणबाई,

येतो. त्याआधी एक लिहून टाकतो, समोर बसून बोलता येणार नाही.

बटण दाबल्यावर 'टक्' असा एकच आवाज झाला आणि वास आला. काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. मग पिशवी फोडली. आतल्या कागदावर पहिलीच ओळ होती: जुन्या केबल वापरू नयेत. मी ती उभ्या उभ्याच तीनचार वेळा वाचली.

तुम्हाला खरं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. मग ते म्हाताऱ्या जोडप्याचं सुचलं आणि पेन पळायला लागलं. पण त्याहून वाईट पुढे आहे. तुमचं चहाचं पत्र आलं, ते वाचून मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. तुम्ही स्टुलावर बसून होतात, असं तुम्ही लिहिलं होतंत, आणि इकडे मी दोन घास जास्त जेवलो.

माफी परत करतो. माझी वेगळी मागतो. देणं न देणं तुमच्याकडे.

हाताचं सांगतो. पेचकस धरला की कापतो. पूर्वी नव्हता कापत. तुम्हाला चालणार असेल तर येतो.

व्याही


२९ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

तुमचे यजमान आज आमच्याकडे आहेत आणि माझ्या टेबलावर डोकं ठेवून दुपारची झोप काढताहेत. म्हणून हे पत्र हळू आवाजात लिहिते आहे.

काल काम झालं. सकाळी आले तेव्हा बूट काढून दारातच उभे राहिले. मी 'या' म्हटलं तरी पाऊल उचलेना. शेवटी मीच हत्यारांची पेटी हातातून घेतली, तेव्हा मागून माणूस आला.

मग माहितीपुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून, मोठ्याने. त्यात 'हे उत्पादन खाऊ नये' असं लिहिलंय, तेही वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही खाणार. पुढे." प्रत्येक केबल उचलायची, तिच्यावरची अक्षरं वाचायची, मला दाखवायची, "हीच ना?" विचारायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी मी दर वेळी चष्मा लावून बघायची आणि "हीच" म्हणायची. हात कापत होता. मी त्याकडे बघत नसल्यासारखं केलं, त्यांनी कापत नसल्यासारखं केलं. संसारात जे नवराबायको करतात ते आम्ही व्याही-विहिणींनी केलं म्हणा.

एकदा मधेच म्हणाले, "दोनशे होती ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पुढची केबल उचलली.

सगळं जोडून झालं आणि बटण दाबायची वेळ आली, तर उठून उभे राहिले. "तुम्ही दाबा. मी जिन्यात थांबतो." खरंच बाहेर गेले आणि दार लोटून घेतलं. मी बटण दाबलं. चालू झालं. पडदा उजळला, नव्या डिस्क दिसल्या, वाचलेली कोडी जागच्या जागी आली. दाराबाहेरून आवाज आला, "काय झालं?"

आता खरं सांगते, मी उत्तर दिलं नाही. चालू झालेल्या मशीनसमोर हाताची घडी घालून बसून राहिले. "विहीणबाई? काय झालं?" पुन्हा आवाज. हे बरं नाही, दोन्ही घरांच्या संबंधांसाठी तर नाहीच नाही, सगळं कळत होतं. पण उन्हाळाभर मी जी वाट बघितली त्यातली जिनाभर तरी त्यांनी बघावी असं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि हाक मारली.

आत आले. पडद्याकडे बघितलं. खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला, डोळेही पुसले. मला वाटलं, आता माणूस काहीतरी मनातलं बोलणार. तर पाठ ताठ केली, पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघितलंत? म्हणून मी म्हणतो, असली कामं दुकानात देऊ नयेत."

माणूस बरा झालाय, विहीणबाई. उद्याच्या गाडीने परत पाठवते आहे. उतरवून घ्यायला कोणीतरी स्टँडवर या.

तुमची,
विहीण